पाटावर ठेवलेला फोन : श्टुटगार्टमधील एका दिवाळीचे प्रकरण

येथे मांडलेले प्रकरण २०२४ च्या दिवाळीतले आहे. जिची ही हकीकत आहे तिच्या संमतीने मी ती लिहिली असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिचे नाव घेतलेले नाही. मी स्वतः जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये एकोणीस वर्षे राहते आणि इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या चार-पाच जणांपैकी एक आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही; त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते उपचाराचे नव्हे, तर शेजारधर्माचे टिपण म्हणून वाचावे.

पार्श्वभूमी

श्टुटगार्टचे भगिनीशहर १९६८ पासून मुंबई आहे, परंतु माझ्या ओळखीतले बहुतेक मराठी अभियंते पुण्याहून, मोटार उद्योगाच्या वाटेने इथे आलेले आहेत. ही मुलगीही त्यांपैकीच. वय सत्तावीस, घर पुण्याच्या एका जुन्या पेठेत, घरात आई-वडील, धाकटा भाऊ आणि ऐंशी ओलांडलेली आजी. जुलै २०२४ च्या मध्यावर ती नोकरीवर रुजू झाली आणि शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात एका खोलीच्या घरात राहू लागली. त्याच खोलीत झोपणे, तिथेच स्वयंपाक, आणि छतावर कायद्याने बंधनकारक असलेला धुराचा भोंगा. हा भोंगा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पहिले तीन महिने तिचे उत्तम गेले. काम आवडत होते, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला ती जात होती, एस-बानच्या, म्हणजे उपनगरी रेल्वेच्या, वेळा तिला पाठ झाल्या होत्या. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी शनिवारी आली. मंडळाच्या गणपतीला ती आली, आरत्या खणखणीत म्हटल्या आणि नंतर भांडी घासायलाही थांबली. त्या दिवशी आम्ही सर्वांनी तिला मनातल्या मनात ‘रुळलेल्यां’च्या यादीत टाकले, आणि हीच आमची पहिली चूक होती.

तिच्या घरचा गणपती काकांकडे बसतो. ती तिथे दर्शनाला आणि जेवायला जाणारी. दिवाळीचे तसे नव्हते. सातवीत असल्यापासून चकलीचा सोऱ्या तिच्या हातात होता. आजीने भाजणी करायची आणि नातीने चकल्या पाडायच्या, ही वाटणी पंधरा वर्षे ठरलेली. दारातली रांगोळी तिची, पहाटे सर्वांच्या आधी उठून पणत्या लावणे तिचे, भावाला पांघरुणातून ओढून काढणेही तिचेच. गणपतीत ती पाहुणी होती आणि पाहुणे म्हणून कुठेही राहता येते. दिवाळीत मात्र ती घरातले एक कामाचे माणूस होती. कोणत्या सणाला माणूस कोलमडेल हे तो सण किती मोठा आहे यावर नव्हे, तर त्या सणात त्याच्याकडे काय काम होते यावर ठरते, असे मला या प्रकरणानंतर वाटू लागले आहे.

जुलैत निघताना आजीने दोन किलो भाजणी पिशवीत बांधून दिली होती. ती कपाटात वरच्या फळीवर तशीच पडून होती.

अडचण

१६ ऑक्टोबरला कोजागरी झाली आणि घरच्या गटावर छायाचित्रे येऊ लागली : आटवलेले दूध, मग बोहारणीला द्यायची भांडी, मग पोह्यांना दाखवलेले ऊन. ती रात्री उशिरापर्यंत ही छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहत बसे. जर्मनचा वर्ग दोनदा चुकला, मग सुटलाच. जेवण म्हणजे पाव आणि चहा. आईने आठवड्याभरापूर्वी फराळाचे पार्सल धाडले होते, ते सीमाशुल्क खात्यात अडकले. भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंना ४५ युरोपर्यंत शुल्क लागत नाही, परंतु आत काय आहे हे नीट लिहिलेले नसेल तर कार्यालयात जाऊन पार्सल समोर उघडून दाखवावे लागते, आणि दुधाचे पदार्थ तर युरोपीय संघाबाहेरून आणायला मनाईच आहे. पार्सलात आजीच्या हट्टावरून पेढे घातलेले होते. ते बोलावणे आल्यावर ती गेलीच नाही.

२७ ऑक्टोबरला इथली घड्याळे एक तास मागे गेली. पुण्याशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले आणि संध्याकाळ एकदम सव्वापाचच्या सुमारास अंधारू लागली. अनेक वर्षे इथे राहिलेल्यालाही हा आठवडा जड जातो. तिच्यासाठी तो पहिलाच होता आणि दुसऱ्याच दिवशी वसुबारस होती.

३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी. पुण्यातले पहाटेचे पाच म्हणजे इथले रात्रीचे साडेबारा. ती जागी राहिली. आईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा केला आणि फोनला ओवाळले. पडद्यावर तिला आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खालून वर जाणारे निरांजन आणि मागचे छत दिसत होते. मग भावाची आंघोळीची पाळी आली, तेव्हा फोन उचलून फ्रिजवर ठेवला गेला. ‘मी फ्रिजवरून सगळी दिवाळी बघितली’, असे तिने मला नंतर सांगितले. आईने हे केवळ मायेने केले होते यात शंका नाही, आणि म्हणूनच ते कसे टोचले हे तिला आईला सांगता आले नाही. दोन-तीन तासांच्या झोपेनंतर ती कामावर गेली, एका चाचणीचे आकडे चुकीच्या तक्त्यात भरले आणि वरिष्ठाने ते शांतपणे निदर्शनास आणून दिल्यावर प्रसाधनगृहात जाऊन रडली.

१ नोव्हेंबरला, शुक्रवारी, लक्ष्मीपूजन होते. त्याच दिवशी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आमच्या राज्यात सर्व संतांच्या स्मरणाची सार्वजनिक सुट्टी असते. हा इथल्या ‘शांत’ सणांपैकी एक : दुकाने बंद, रस्ते ओस, लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवतात आणि लाल काचेतले दिवे लावतात. वर्षातला सर्वांत गजबजलेला दिवस आणि सर्वांत निःशब्द दिवस असे एकावर एक येऊन पडले. पुण्यात पूजा चालू होती तेव्हा इथे दुपार होती. ती चार तास फोनवर होती, त्यातला बहुतेक वेळ तिच्याशी कोणीच बोलत नव्हते, कारण घरात माणसे येत-जात होती. पाचच्या सुमारास इथे दिवे लावण्याची वेळ झाली तेव्हा तिकडे साडेनऊ वाजून गेले होते आणि आई थकून झोपायला निघाली होती. फोन ठेवून ती बाहेर पडली आणि चालत चालत दफनभूमीपाशी पोहोचली. आत शेकडो दिवे होते. एक म्हातारी बाई गुडघ्यावर बसून काडी ओढत होती, ती वाऱ्याने विझत होती. हिने दोन्ही हातांचा आडोसा धरला. दिवा लागला. बाई काहीतरी बोलली, ते हिला कळले नाही. ती घरी आली आणि रात्री दहाला मंडळाच्या मदतीच्या क्रमांकावर तिने लिहिले : ‘ताई, मला परत जायचं आहे. नोकरी सोडायची प्रक्रिया काय असते?’

पुढे असलेले पर्याय

तो संदेश मी वाचला तेव्हा उत्तर लिहायचे की फोन करायचा, हा पहिला निर्णय होता. प्रश्न प्रक्रियेचा विचारलेला होता आणि लेखी उत्तर सोपे होते : नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या परीक्षाकाळात दोन आठवड्यांची सूचना पुरते. मी ते लिहिले नाही, फोन केला. पहिली दहा मिनिटे ती फक्त रडली. त्यानंतर मी तिला तीन गोष्टी सरळ विचारल्या : आज काय खाल्ले, किती झोपलीस, आणि स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का. तिसरा प्रश्न विचारताना माझी जीभ जड झाली होती, पण तो आडवळणाने विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर ‘नाही’ आले आणि ते मला खरे वाटले. तरीही जर्मनीतील टेलिफोनझेलझॉर्गे या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या, चोवीस तास चालणाऱ्या विनामूल्य सेवेचा ०८०० १११ ० १११ हा क्रमांक मी तिला लिहून घ्यायला लावला.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून पर्याय बोलून काढले.

पहिला, तत्काळ विमान पकडून घरी जाणे. फ्रँकफर्टहून मुंबईला थेट विमान आहे आणि रविवारी भाऊबीजेला पोहोचणे जमले असते. ‘घरी जावेसे वाटणे’ हा काही मनाचा दुबळेपणा नाही, हे मी तिला सांगितले. १६८८ साली इथून फार दूर नसलेल्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकाच्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो घराच्या ओढीचे दुखणे सांगण्यासाठीच. जर्मनमध्ये त्याला ‘हाइमवे’ म्हणतात, आणि घराकडे निघणे हाच होफरच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय होता. पण आमच्यापुढे अडचण वेगळी होती : चार दिवसांसाठी जाऊन परत निघताना काय होईल? सहा महिने भरण्याआधी रजा प्रमाणातच मिळते आणि तीही वरिष्ठाच्या संमतीने. तिकीट तिच्या महिन्याच्या बचतीहून महाग होते. हे सारे जमवता आले असते. तिनेच म्हटले, ‘मी आत्ता गेले तर परत येणार नाही.’ मग तो पर्याय पहिला न राहता दुसराच झाला.

दुसरा, म्हणजे राजीनामा. तिचा इथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे आणि सोडलेली जागा पुन्हा मिळत नसते. मी त्याविरुद्ध युक्तिवाद केला नाही. फक्त एवढे विचारले की हा निर्णय तुळशीच्या लग्नानंतर घेतला तर काय बिघडेल. ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘आज नको’ म्हणणे हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी क्षण होता, आणि तो मला आयत्या वेळी सुचला. आधी ठरवलेला नव्हता.

तिसरा, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची वाट पाहणे. तो १६ नोव्हेंबरला, सभागृह मिळाले त्या शनिवारी होता. चौथा, घरी फोन करणे काही दिवस बंद ठेवणे; हा सल्ला तिच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने दिला होता आणि तो तिला क्रूर वाटला. पाचवा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाणे. झोप व जेवण आठवड्याभरात सुधारले नाही तर ती जाईल, असे आम्ही ठरवले.

सहावा पर्याय आमच्या यादीत नव्हता. बोलता बोलता तिने भाजणीचा उल्लेख केला आणि ‘ती कपाटातच आहे’ असे म्हणून गप्प झाली. का काढली नाहीस, या प्रश्नाला तिने दिलेली कारणे क्रमाने अशी होती : तळताना धूर होईल, भोंगा वाजेल, इमारतीतले लोक काय म्हणतील, एकटीने कोणासाठी करायच्या, आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, ‘बिघडल्या तर आजीला काय सांगू?’

काय केले

शनिवारी दुकाने उघडी असतात. आम्ही एस-बानने तिच्या घरी गेलो, भाजणी घेतली, परतताना तेल आणि पांढरे तीळ घेतले. सोऱ्या माझ्याकडे होता. आजीला फोन लावायचा की नाही यावर मात्र आमचा खल झाला. तिला भीती होती की फोन लागला की पुन्हा तेच होईल. शेवटी असे ठरले की फोन लावायचा, पण हातात पीठ असताना लावायचा. म्हणजे बोलायचे ते पिठाविषयी.

हे कसे घडले ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे सगळे त्यावरच उभे राहिले. आजी पलंगावर बसून होती, भावाने फोन धरला होता. तिने आधी उकड दाखवायला लावली, मग मळलेला गोळा बोटाने दाबून दाखवायला लावला. पहिली चकली तेलात पडताच विरघळल्यासारखी सुटून विखुरली. इकडे हिचा चेहरा पडला आणि तिकडे आजी खणखणीत आवाजात म्हणाली, ‘मोहन जास्त झालंय. रडतेस काय, दोन मुठी कोरडी भाजणी घाल आणि पुन्हा मळ.’ दुसरा घाणा उतरला. आजीने चकली मोडून दाखवायला सांगितली, नळी पडली आहे का हे पाहिले, आवाज ऐकायला फोन कानाला लावला आणि ‘जमलं’ एवढेच म्हणाली. अडतीस मिनिटांच्या त्या फोनमध्ये ‘आठवण येते’ हे शब्द दोघींपैकी कोणीही उच्चारले नाहीत. दोन दिवसांपूर्वी ही फ्रिजवरून तिकडची दिवाळी पाहत होती. आज आजी पलंगावरून इकडची पाहत होती.

भाऊबीजेला भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळण्याची आपली रीत आहे. दुसऱ्या दिवशी ती निरांजन घेऊन आमच्या गच्चीत उभी राहिली, पण द्वितीयेची कोर इथल्या टेकड्यांच्या आड लवकर जाते आणि त्यातून धुके होते. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला सख्खी बहीण नाही. तिने त्याला ओवाळले आणि त्याने तिला स्वतःच्या पैशांतून पाच युरो घातले.

सोमवारी तिने वरिष्ठाला सांगितले की गेला आठवडा आमच्या सर्वांत मोठ्या सणाचा होता आणि घरापासून दूर असल्याने आपले चित्त थाऱ्यावर नव्हते. असे सांगावे की नाही याबद्दल ती साशंक होती. मी सुचवले होते, भर दिला नव्हता. त्याने पुढच्या वर्षीच्या तारखा विचारून दिनदर्शिकेत टिपून ठेवल्या.

यानंतर माझी दुसरी चूक. १६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाने तिला आणखी उभारी येईल अशा समजुतीने मी तिला आग्रहाने नेले. दोनशे माणसे, रंगमंच, कागदी थाळ्यांत विकतचा फराळ. अर्ध्या तासात ती बाहेर येऊन थंडीत उभी राहिली. म्हणाली, ‘ताई, इथे सगळेच पाहुणे आहेत.’ मला वाईट वाटले, कारण त्या कार्यक्रमासाठी आमची माणसे महिनाभर राबली होती. परंतु राबणारे ते होते, ती नव्हती, हे तिचे म्हणणे बरोबर होते. तिला तिथे काम दिले असते तर ती थांबली असती. गणपतीला ती भांडी घासायला थांबली होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

परिणाम

राजीनाम्याचा विषय तुळशीच्या लग्नानंतर तिने स्वतःहून काढला आणि स्वतःच पुढे ढकलला. झोप पंधरा दिवसांत सुधारली, डॉक्टरकडे जावे लागले नाही. जर्मनचा वर्ग मात्र जानेवारीतच पुन्हा सुरू झाला. नाताळात, २५ आणि २६ डिसेंबरला सारे बंद असताना, पुन्हा एक उतार आला. या वेळी तो येणार हे तिला माहीत होते आणि तिने ते दोन दिवस आधीच बांधून घेतले होते. परीक्षाकाळ संपल्यावर फेब्रुवारीत ती तीन आठवडे पुण्याला जाऊन आली. सण नसताना गेल्यामुळे आजीशी निवांत बोलता आले, असे ती म्हणते.

२०२५ मध्ये नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला, सोमवारी, आली आणि लक्ष्मीपूजन मंगळवारी. इथे सुट्टी नव्हती. तिने दोन दिवसांची रजा महिनाभर आधी मागून ठेवली होती. आदल्या शनिवारी नव्याने आलेल्या तीन मुलामुलींना बोलावून तिने चकल्या केल्या. भोंग्यासाठी खिडकी सताड उघडी, सगळे अंगात कोट घालून. एकाला तळणी येत होती, दोघांना काहीच येत नव्हते, आणि त्या दोघांना तिने सोऱ्या धरायला दिला.

ती पूर्ण बरी झाली, असे मी लिहिणार नाही. त्या सोमवारी पहाटे ती रडलीच. आजीची नजर वर्षभरात मंदावली असून पडद्यावरचे पीठ तिला आता दिसत नाही. ती फक्त आवाजावरून सांगते.

वेगळे काय करता आले असते

नव्याने आलेल्या माणसाला ‘कसे चालले आहे’ असे विचारण्याऐवजी ‘तुमच्या घरी कोणता सण तुझ्याकडे असतो’ हे आम्ही ऑगस्टमध्येच विचारायला हवे होते. आता विचारतो. उत्तरे अनपेक्षित येतात. एका मुलाने पोळा सांगितला.

पार्सलाबाबत आम्ही घरच्यांसाठी साधी सूचना लिहून ठेवायला हवी होती : आतल्या वस्तूंची यादी व किंमत स्पष्ट लिहावी, खवा-पेढे घालू नयेत, तीन आठवडे हाताशी ठेवावेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु ते अडकलेले पार्सल तिच्या दृष्टीने घरचे कोणीतरी दारात अडवून धरल्यासारखे होते.

घड्याळ बदलणारा आठवडा आणि दिवाळी एकत्र आली की त्या आठवड्यात एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला एक फोन व्हावा, असे आम्ही ठरवले आहे. १ नोव्हेंबरची सुट्टी मला एकोणीस वर्षे ठाऊक होती. त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे हे मी दिनदर्शिकेत पाहिलेही होते. ते दोन्ही मिळून एकट्या माणसाचे काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही, कारण माझे घर त्या दिवशी भरलेले होते.

आणखी एक गोष्ट राहून गेली आणि ती मला सर्वांत जास्त लागते. आम्ही सगळे या मुलीकडे पाहत होतो. पुण्यात तिच्या आईकडे कोणीच पाहिले नाही. फोनला ओवाळून झाल्यावर तीही स्वयंपाकघरात जाऊन बसली होती आणि घरात पाहुणे असल्याने तिला रडताही आले नव्हते, हे मुलीला फेब्रुवारीत घरी गेल्यावर भावाकडून कळले. त्या वेळी मी आईंना एक फोन करून ‘ती माझ्याकडे जेवली’ एवढे सांगितले असते तरी चालले असते. २०२५ च्या अभ्यंगस्नानाला त्यांनी पाटावर फोन ठेवला नाही. लेक तिच्या वेळेने उठेपर्यंत, म्हणजे पुण्यातले साडेनऊ वाजेपर्यंत, निरांजनात तूप घालत त्या थांबल्या, आणि मग दोघींनी आपापल्या घरात एकाच वेळी दिवा लावला.